आपल्या कपाटातील काही नवी पुस्तके

(संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथी उत्सवात, उचगाव येथे ज्ञातिबांधवांपुढे केलेले भाषण)



सकाळी अभंग, दुपारी महाप्रसाद आणि त्यानंतर व्याख्यान, असा आपल्या पुण्यतिथी उत्सवाचा क्रम कित्येक वर्षे चालत आला आहे. महाप्रसादानंतरचे व्याख्यान कोणाच्या वाट्यास यावे, हे त्या व्याख्यात्याच्या पूर्वसंचितावर अवलंबून असते. समोरच्या काही मंडळींचे डोळे आताच जड झालेले मला दिसत आहेत. त्यांच्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. मी स्वतः श्रोत्यांत बसत असे तेव्हा याहून निराळे वागलो असे मला सांगता यावयाचे नाही.

मी साहित्यिक नव्हे. माझी उमेद सारी एस. टी.च्या हिशेबखात्यात गेली. परंतु आकड्यांच्या कामातून मोकळा झाल्यावर वाचनाचे जुने वेड पुन्हा जडले आणि आपल्या या सभागृहाच्या मागच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मंडळींनी माझ्याकडे सोपविली. त्याच कपाटामुळे आज येथे उभे राहण्याचा प्रसंग आला आहे. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी असा प्रश्न विचारला की, या कपाटाचा उपयोग कोण करतो? खोली लहान, लग्नकार्याची भांडी ठेवण्यास जागा नाही. तेव्हा पुस्तके कोणा शाळेस देऊन टाकावीत. प्रश्न रास्त होता. मी नोंदवही काढून पाहिली. वर्षभराच्या नोंदी एका पानावर मावल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक माझ्याच नावावर होत्या. हिशेबखात्यात जन्म काढलेल्या माणसाने यावर वाद घालावा तो काय? निर्णय यंदाच्या सभेवर ढकलला गेला. ती सभा आज सायंकाळी आहे. मी मत मागण्यास आलेलो नाही. कार्यकारिणीने मला इतकेच सांगितले की, अलीकडे निघालेल्या कादंबऱ्या आणि आत्मचरित्रे यांपैकी आपल्या कुटुंबांनी काय वाचावे ते सांगा. तेवढेच सांगतो.

प्रथम एक गंमत. बेळगावजवळही एक उचगाव आहे आणि तेथे मराठी साहित्य संमेलन भरते. सीमेवरील ते लहान गाव मराठीसाठी एवढा उत्सव मांडते याचा मला नेहमी आदर वाटत आला आहे. मी वाचनाविषयी बोलणार हे ऐकून पुण्याच्या माझ्या एका नातलगाने विचारले, “म्हणजे तुम्ही संमेलनात बोलणार?” मी म्हटले, “ते उचगाव निराळे. आमच्या उचगावात महाप्रसादानंतर बोलायचे आहे.”

आपल्या करवीरास वाचनाची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून हात दिला, त्यांत आपले नामदेव बोर्डिंगही होते. त्याचे साल १९०८. सुई-दोऱ्यावर पोट असलेल्या खेडोपाडीच्या घरांतील मुले कोल्हापुरात राहून शिकू शकली, ती अशा बोर्डिंगांमुळे. त्या काळी एक पुस्तक दहा हातांतून फिरत असे. आज प्रत्येकाच्या हाती यंत्र आहे आणि वेळ कोणाच्याच हाती नाही. असो.

आता पुस्तकांकडे वळतो. आणि ज्या पुस्तकाने मला या वाटेवर पुन्हा आणले त्याच्यापासून आरंभ करतो. पुस्तकाचे नाव ‘उसवण’. लेखक देविदास सौदागर, तुळजापूरचे. या कादंबरीस २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखकाने स्वतः शिवणकाम करून पोट भरले आहे आणि कादंबरीचा विषयही तोच: तयार कपड्यांच्या लाटेत गिऱ्हाईक तुटत चाललेला लहान गावातला एक शिंपी. मराठीत शेतकरी आला, गिरणीकामगार आला, मास्तर तर इतके आले की मोजता येऊ नयेत. पण मशीनवर वाकून बसलेला आपला माणूस कादंबरीच्या मध्यभागी बसलेला मी तरी पूर्वी पाहिला नव्हता. येतो तो सहसा एखाद्या विनोदी प्रसंगापुरता, दिवाळी उलटून गेल्यावर सदरा देणारा म्हणून. पुस्तक लहान आहे. भाषा तिकडची, मराठवाड्याच्या कडेची. दोन पानांत ती आपलीशी होते, कारण कात्री, टेप, काज, बटण, अस्तर हे शब्द सगळीकडे सारखेच.

ही कादंबरी मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. मध्येच उठून अंगणात जावे लागले. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

माझे वडील, ज्यांना गावातील जुनी माणसे आबा टेलर म्हणून ओळखत, रस्त्याकडेच्या एका खोलीत पायमशीन टाकून बसत. गांधीनगरची घाऊक कापडपेठ आपल्या गावाला लागून आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ती उभी केली आणि तिची कीर्ती पार कर्नाटकापर्यंत गेली. आरंभी त्या पेठेने आपल्या घरांना कामच दिले. परकर, लहान मुलांच्या चड्ड्या, झबली अशी नगावरची कामे गठ्ठ्यांनी येत. आमची आई रात्री कंदिलापाशी काजे करी. पुढे त्याच पेठेत बाहेरगावांहून तयार कपड्यांचे ढीग येऊ लागले. ज्या पेठेने दोन्ही वेळची भाकरी दिली तिनेच हळूहळू गिऱ्हाईक नेले. यात व्यापाऱ्यांचा दोष नव्हता; आम्हीच आमच्या मुलांसाठी तेथून तयार शर्ट आणले. मी आणले. आबांनी तो शर्ट उलटा करून शिवण पाहिली, दोन्ही बोटांनी ताणून पाहिली आणि काही न बोलता घडी घालून ठेवला. पुढे एकदा म्हणाले, “अंगात घालणारा माणूस बघितलाच न्हाई, तर कापड बेतायचं कुणासाठी?”

आबा २०१९ साली गेले. महिन्याभरात ती खोली मोकळी करावयाची होती. एका कोपऱ्यात मापाच्या वह्या होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या. मी त्या रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. उघडूनही पाहिल्या नाहीत. दिवसांनंतर आक्का माहेरी आली आणि तिने विचारले, “आबांच्या वह्या कुठं ठेवल्यास रे?” मी सांगितले. ती रागावली नाही. ती म्हणाली, “माझ्या लग्नाचं सगळं त्यात होतं.” मला काहीच कळेना. मग तिने सांगितले की, आबा मापाशेजारी बारीक अक्षरात टिपणे करीत. कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोणी पाठीत वाकत चालला आहे, कोणाचे पैसे मागू नयेत कारण घरी दुखणे आहे. गावातली एखादी मुलगी सासरी जाणार असली की तिच्या पोलक्याच्या मापापुढे लिहिलेले असे, “माया जास्त सोडणे.” शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या धंद्यात माया म्हणतात, हे येथे कोणास सांगावयास नको. अंग भरले तर उसवून पुन्हा घालता यावे म्हणून ती माया.

गावाच्या दोन पिढ्यांची ती बखर मी किलोच्या भावाने विकली. एस. टी.ची जुनी तिकीटपुस्तके नियमाप्रमाणे अमुक वर्षे जपून ठेवणारा मी मनुष्य!

‘उसवण’ वाचताना मला जे झाले ते एवढ्यासाठी. पुस्तक उत्तम आहे की मध्यम, हे ठरविणाऱ्या विद्वानांनी ठरवावे. पुरस्कार देणाऱ्यांनी आपले मत दिलेच आहे. मला ते आपल्या घराघरांत जावेसे वाटते ते या कारणाने, की ज्यांच्या घरी मशीन अजून आहे त्यांनी ते झाकून ठेवण्यापूर्वी एकदा तेवढे वाचावे.

आता एक आक्षेप येतो, आणि तो मला आपल्यातीलच एका आदरणीय गृहस्थांनी बोलून दाखविला आहे. ते म्हणाले, “कादंबरी ठीक. पण ही आत्मचरित्रे कशाला? घरातली उणीदुणी चव्हाट्यावर मांडायची आणि त्यास साहित्य म्हणायचे, ही कोठली रीत?” मी त्यांना विचारले की, आपण ज्यांची पुण्यतिथी करतो त्यांनी काय केले? नामदेव महाराजांच्या अभंगांत आई गोणाईचे गाऱ्हाणे आहे, राजाईचा संताप आहे, घरात खावयास नाही आणि हा देवळात बसतो ही बोलणी आहेत. ज्ञानेश्वरांचे पहिले चरित्र ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांतून त्यांनीच गायिले आणि मित्र गेल्यानंतरचा आपला शोकही त्यात लपविला नाही. घरची दासी जनी, तिनेही आपले दळण-कांडण अभंगांत आणले. ज्या घराण्याचा आपण वारसा सांगतो ते घर आपली फाटकी बाजू झाकणारे नव्हते. त्यांची पदे पार पंजाबात गुरू ग्रंथ साहिबात जाऊन बसली, एकसष्ट पदे. आणि आपण मात्र याच स्मरणिकेच्या मागच्या पानांवरील वधूवर-सूचीत ‘वडील शिवणकाम करतात’ असे लिहावयास लाजतो आणि ‘स्वतंत्र व्यवसाय’ असे लिहितो. सूची तपासण्याचे काम तीन वर्षे मजकडे आहे, म्हणून माहितीने बोलतो.

या आक्षेपाचे खरे उत्तर आपल्या शेजारच्या कागलचे आनंद यादव यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. ‘झोंबी’ नवे पुस्तक नव्हे. ते १९८७ चे, आणि १९९० साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे. परंतु ज्या घरात ते अद्याप वाचले गेले नाही त्या घरापुरते ते नवेच. त्यात बाप मुलाची शाळा सोडवितो, मळ्यावर राबवितो, मारतो. मुलगा शिकण्यासाठी घराशी झोंबी घेतो. वाचून कोणास वाटेल की हा मुलगा बापाची बदनामी करीत आहे. शेवटास गेल्यावर मात्र त्या बापाचाही राग येत नाही; त्याला तसे करणाऱ्या दारिद्र्याचा येतो. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ असे आणखी भाग आहेत. ‘झोंबी’चे बळ मला पुढच्या भागांत तितके आढळले नाही, हे प्रांजळपणे सांगतो, पण ज्यास पहिला भाग भावला तो थांबणार नाही.

भगिनींसाठी उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ सुचवितो. २००३ साली निघालेले. भगिनींसाठी असे मी म्हटले खरे, परंतु ते पुरुषांनीच अधिक वाचावयास हवे. रत्नागिरीकडील दलित घरातील ही मुलगी. आई बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या विणून घर चालवी. त्या विणीचे आणि आपल्या लिहिण्याचे नाते लेखिकेने ओळखले आणि पुस्तकास तेच नाव दिले. आपण हातांनी काम करणारी ज्ञाती. ही विण आणि आपली शिवण एकमेकींस लांबची नाहीत. पण मी ते याहून दुसऱ्या एका कारणासाठी सांगतो. आपल्या गावात सुपे घेऊन येणारी बाई अंगणात कोठपर्यंत येई आणि पाण्याचा तांब्या तिला कसा दिला जाई, हे माझ्या वयाच्या माणसांस आठवत असेल. आपल्याला कोणी ‘शिंप्याचा’ म्हणून हिणविले ते आपण नेमके लक्षात ठेवतो. आपण कोणास कोठे उभे केले, ते विसरतो. पुस्तक वाचताना मला आमच्याच अंगणातील ती जागा दिसू लागली.

एक मोठे पुस्तक आता सांगतो; ‘मोठे’ हा शब्द मी आकारमानासही धरून वापरला आहे, कारण ते उशाला घेऊन झोपता येईल इतके जाड आहे. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही कादंबरी, २०१९ ची. कुलवृत्तांत म्हटल्यावर आपल्या मंडळींचे कान टवकारतील, कारण गेली दोन वर्षे आपलीही कुलवृत्तांत-समिती गोत्रे, आडनावे आणि मूळ गावे गोळा करीत आहे. पठाऱ्यांनी एका पाटील घराण्याचा शतकांमागे जाणारा प्रवास सांगितला आहे. लढाया आहेत, दुष्काळ आहेत, गावे सोडणे आहे, आणि स्त्रिया आहेत, ज्यांना आपल्या वंशावळीत एरवी अर्धी ओळही मिळत नाही. ते कुळ सरळ रेषेत खाली येत नाही. ते वाटेत कोणाकोणाचे होऊन येते. समितीच्या सदस्यांनी तक्ते छापण्यापूर्वी ही कादंबरी वाचावी अशी माझी विनंती आहे. आपल्या तक्त्यात सून ‘तमक्याची पत्नी’ एवढीच आहे. तिचे माहेरचे नाव तरी घालू या.

आणि कुळाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या अगदी उलट टोकाचे पुस्तक सांगतो. डॉ. सुनीलकुमार लवटे यांचे ‘खाली जमीन, वर आकाश’. लवटे सर कोल्हापूरचे, वि. स. खांडेकरांच्या साहित्यावर त्यांनी केलेले काम पुष्कळांस माहीत आहे. पण त्यांचे बालपण पंढरपूरच्या अनाथाश्रमात गेले. आई-वडील ठाऊक नाहीत. आडनाव, जात, गोत्र यांपैकी जे आपण जन्मताच फुकट मिळवतो त्यातले काहीच या मुलाच्या हाती नाही. खाली जमीन आणि वर आकाश, मध्ये तो. पंढरपूर म्हटले की आपल्यापुढे नामदेवाची पायरी उभी राहते. त्याच गावात असेही मूल वाढत होते आणि आपण दर आषाढीस तेथे जाऊन आलो! पुस्तकात रडगाणे नाही. जेथे वाढलो तेथल्याच मुलांसाठी पुढे राबणारा माणूस त्यात दिसतो. मी ते वाचून खाली ठेवले तेव्हा समितीचा वंशावळीचा तक्ता टेबलावरच पडला होता. त्याकडे पुन्हा पाहावयास त्या रात्री मन झाले नाही.

आता काही पुस्तके भरभर सांगतो, कारण मागे चहाची भांडी वाजू लागली आहेत.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. खोत पन्हाळ्याच्या परिसरातले. या कादंबरीस २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठविलेली माणसे आणि मागे रानात राहून रानटी झालेली म्हैस यांची ही गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात धरणे किती आणि त्यांसाठी उठलेली गावे किती, हे आपण नळाची तोटी सोडताना मनात आणीत नाही. भाषा तिकडच्या डोंगरची आहे, अडखळायला होईल. मोठ्याने वाचावी, म्हणजे कळते. ज्यांस ती जड वाटेल त्यांनी आधी त्यांचीच ‘गावठाण’ घ्यावी. आपल्याच जिल्ह्याचे किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह आहे. कादंबरी नव्हे, तरी नियम मोडून सांगतो. त्यास २०२१ चा अकादमी पुरस्कार आहे. खेड्यातील मुलाच्या मनाची उलथापालथ त्यांना जशी दिसते तशी फार थोड्यांना दिसते, आणि ते हसवतातही.

स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारी आपली मुले विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ घेऊन हिंडतात. २०१६ चे पुस्तक. शिराळ्याकडील कोकरूडचा मुलगा पोलीस खात्यात एवढा वर चढतो, ही कथा मुलांस उत्साह देते, हे खरे. घरी असावे. पण माझ्या पाहण्यात असे आले आहे की, काही मुले तेवढेच एक पुस्तक चार वेळा वाचतात, दुसरे वाचीत नाहीत, आणि परीक्षा हुकली की त्याच पुस्तकाकडे पाहून स्वतःस दोष देतात. यशस्वी झालेल्याचे आत्मचरित्र वाचावे आणि लगोलग ‘उसवण’ वाचावी, असे मी माझ्या नातवास सांगितले आहे. त्याने पहिले वाचले आहे. दुसऱ्याचे वचन दिले आहे.

शेवटी पुस्तकाविषयी नव्हे, एका पुस्तकाच्या जन्माविषयी सांगून थांबतो. आज जेथे गांधीनगर आहे तेथे, वळिवड्याच्या माळावर, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, पुष्कळशा बायका आणि मुले, येथे राहिली. आपल्यातील अगदी वृद्ध मंडळींनी लहानपणी ती गोरी मुले पाहिली असल्याचे मी ऐकले आहे, आबाही सांगत. ती माणसे पुढे जगभर पांगली. ती कोणी राजे नव्हते की सेनापती नव्हते. परंतु त्या मुलांनी मोठेपणी आपली एक संघटना काढली आणि भारतातील त्या दिवसांच्या आठवणी एकमेकांकडून लिहवून घेऊन त्यांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, आधी पोलिश भाषेत आणि नंतर इंग्रजीत. शाळा कशी होती, बाजार कोठे भरे, पावसात बराकी कशा गळत, असल्या आठवणी. २०१९ साली वळिवड्यास त्यांचा स्मृतिस्तंभ झाला, तेव्हा त्यांतील काही वृद्ध माणसे एवढ्या दुरून आली होती.

पाच वर्षे जे येथे राहिले त्यांचे या मातीवरचे पुस्तक आहे. पिढ्यान् पिढ्या जे येथे राहिलो त्या आपल्यापाशी वधूवर-सूची आहे.

म्हणून या कपाटात एक खण रिकामा करावा अशी माझी सूचना आहे. ज्यांच्या घरी जुन्या मापाच्या वह्या असतील, बोर्डिंगमध्ये राहिलेल्या आजोबांची पत्रे असतील, आईने काजांचा हिशेब लिहिलेले कॅलेंडर असेल, त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी येथे आणून द्यावे. ज्यांस लिहिता येते त्यांनी चार पाने लिहावीत. ज्यांस लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी सांगावे. लिहून घेण्यास दोन मुली तयार झाल्या आहेत. भांड्यांना जागा हवी, हे मला मान्य आहे. कपाट भिंतीकडे हात-दीड हात सरकवले तर मोठी पातेली शेजारी बसतात. मी काल टेप लावून मोजले आहे.

आबांच्या खोलीतील मशीन मी विकले नव्हते. गेल्या दिवाळीत तेल घालण्यासाठी त्याचा खण ओढला तेव्हा आत बॉबिनीखाली एक वही सापडली. रद्दीत गेलेल्या सगळ्यांतली ही एकच मागे राहिली. १९८६-८७ ची आहे. आक्काचे लग्न त्यात नाही. ते पुढच्या वहीत असणार. पण येथे बसलेल्यांपैकी निदान पंधरा-वीस जणांची लहानपणीची मापे तीत आहेत, आपल्या अध्यक्षमहाशयांचेही आहे. त्यांच्या सदऱ्यापुढे आबांनी काय टिपून ठेवले आहे ते मी येथे वाचून दाखवीत नाही. त्यांनी स्वतः येऊन पाहावे.

वही मी आज सकाळी कपाटात ठेवली आणि नोंदवहीत तिची नोंद केली. तिच्या शेजारी ‘उसवण’च्या दोन प्रती आहेत. किल्ली सभा होईपर्यंत माझ्याचकडे आहे, आणि मी मागच्या खोलीत बसणार आहे.  चहा निवत असेल, रजा घेतो.